ओढ्यात मुरूम पडतोय

आज सकाळी सांगलीच्या गावभागात आईकडे निघाले होते. वाटेत ओढ्याच्या काठाला तीन डंपर उभे आणि मुरूम ओतायचं काम जोरात चाललेलं. शेजारी बोर्ड, प्लॉटचं बुकिंग सुरू. तिथल्या माणसाला म्हटलं, अहो, 2019 ला इथं छातीएवढं पाणी होतं. तर म्हणतो, "मॅडम, भराव टाकला की पाणी येत नाही." तुमच्याकडं येत नाही हो! मग ते जातं कुठं? माझ्या आईच्या जिन्यात.

सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की पूर काठ ओलांडून नंतर येतो, आधी ओढ्या-नाल्यातनं येतो. कृष्णा चढली की गावातलं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीच उलटी आत शिरते. त्या फुगीला पसरायला ज्या खोलगट जागा होत्या, तिथं आपण कॉलन्या उठवल्या. पुराची निळी रेषा, लाल रेषा नकाशावर आखायची आणि खाली मुरूम ओतायचा.

आईच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. 2005 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 53 फूट पाणी झालं तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीला थांबलं होतं. त्या हिशोबानं 2019 ला तिनं गव्हाची पोती, शिलाई मशीन, बाबांचे फोटो सगळं सहाव्या पायरीवर नेऊन ठेवलं. पुलाची धोका पातळी 45. त्या ऑगस्टात पाणी 57 च्या वर गेलं. आईच्या घरात नववी पायरी बुडाली.

लोक लगेच कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाचं नाव घेऊन अलमट्टी अलमट्टी करतात. ठीक आहे, धरणाची उंची वाढवायला विरोध करायलाच पाहिजे आणि कोयनेतनं पाणी कधी, किती सोडायचं हेही वेळेत ठरलं पाहिजे. पण ओढा काय कर्नाटकानं बुजवला? हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, 2005 ला पाण्यात गेली, तेव्हाच आपण जागं व्हायला हवं होतं. 2019 नंतर दोनच वर्षांत, 2021 ला, पाण्यानं परत पन्नाशी ओलांडली. आणि आपण काय केलं, तर पाणी उतरल्यावर चिखल धुतला आणि गणपती बसवले.

स्वस्तात गुंठा मिळतो म्हणून गरीब माणूस तिथंच घेतो, हे मला कळतं. त्याला दुसरीकडं कोण देणार आहे? त्याच्यावर राग नाही माझा. चार वर्षांनी तोच बिचारा पोराला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात उभा असेल.

2019 च्या 8 ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पुरातनं लोकांना काढणारी होडी उलटली. बायका-पोरं गेली. त्याच दिवशी आईला बोटीतनं काढणार होते आणि तिचा फोन बंद. मी विश्रामबागला कोरड्या घरात, गॅलरीत नुसती येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवरनं आवाज आला, "पोचले गं." बस्स, एवढंच. मी तिथंच खाली बसले.

नंतर कळलं, बोट येईपर्यंत ती दहाव्या पायरीवर बसून होती. पाणी नवव्या पायरीवर आलं तसं तिनं कपाटातला खण काढला, नारळ घेतला आणि तिथंच कृष्णामाईची ओटी भरली. म्हणाली, "माहेरपणाला आलीस, बरं झालं. आता जा बाई माघारी." पाण्यावर घासलेट तरंगत होतं, कुणाचं तरी मेलेलं वासरू आडवं आलं होतं, त्यातच तो खण गेला. मशीन गंजलं. गहू फुगून पोती फाटली होती. तो आंबूस वास दिवाळीपर्यंत भिंतीतनं गेला नाही.

नदीवर ती एका शब्दानं रागावली नाही. आज डंपरचं सांगितल्यावर मात्र भाजी चिरायची थांबली.

उद्या अकराला लेखी अर्ज द्यायला जातेय, मुरमाचे फोटो जोडून. गावभागातलं कुणी येणार असेल तर खाली लिहा. आई येणार आहे.