तीन किलोवॅटमधलं इटालियन

इटलीतल्या पेरुजाला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की इटालियन पलाझ्झो गालेंगात शिकवतात. परदेशी विद्यार्थ्यांचं विद्यापीठ तिथे आहे, आणि परक्यांसाठीचे अभ्यासक्रम या गावात १९२१ पासून चालतात, हे सगळं खरं. पण वर्गात सुरुवातीला चालतं काय? मी विद्यार्थिनी, तू कुठली, हे पेन कोणाचं. आज्ञार्थाला अजून बराच अवकाश असतो. ज्यांच्या घरी आपण राहतो त्या सिन्योरा मात्र पहिल्या संध्याकाळपासून आज्ञार्थाखेरीज दुसरं काही वापरत नाहीत. ‘मांजा!’ म्हणजे खा. अनवाणी फिरू नको, चपला घाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘आश्शूगाती इ कापेल्ली!’ केस वाळव!

ओल्या केसांची धास्ती आपल्या आयांनाही असते, पण त्या फार तर सर्दीवर थांबतात. इथे ओले केस आणि वारा एकत्र आले की मान धरते, कान दुखतो, पोट बिघडतं. या सगळ्याला ‘चेर्विकाले’ (मानेचं दुखणं) आणि ‘कोल्पो दारिया’ (वाऱ्याचा झटका) अशी भारदस्त नावं आहेत आणि त्यावर वाद घालायला बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीचं इटालियनसुद्धा पुरत नाही. त्यामुळे सकाळी न्हाऊन ओल्या वेणीने वर्गाला जाणं बाद. रात्री जेवल्यावर न्हाणंही बाद, कारण पचन. उरली वेळ एकच, जेवणाआधीची. साधारण साडेसात.

आता साडेसातला घरात आणखी काय काय चालू असतं ते बघा. इटलीत बऱ्याच घरांच्या वीजदरात संध्याकाळी सातनंतर वीज थोडी स्वस्त होते, म्हणून वॉशिंग मशीन सातनंतर लागतं. आठला जेवण, म्हणून ओव्हन साडेसातला तापत असतो. आणि बहुतेक घरांचा वीजकरार असतो तीन किलोवॅटचा. मीटर वर दहा टक्के सूट देतो, म्हणजे ३.३. ओव्हनचे दोन, पाणी तापवणाऱ्या मशीनचे जवळजवळ दोन, हेअर ड्रायरचे दोन. बेरीज करायला इटालियन लागत नाही. दोन गोष्टींवर मीटर काही वेळ कुरकुरत का होईना चालू राहतो. तिसरी लावली की थोड्याच वेळात खट्ट.

अंधार. मग स्वयंपाकघरातून हाक: ‘ए साल्ताता ला लूचे!’ लाइट गेली. लगोलग दुसरी: ‘की आ अच्चेझो इल फोन?’ हेअर ड्रायर कोणी लावला? वर्गात जो भूतकाळ पुढच्या महिन्यात येणार असतो तो असा काळोखात, उदाहरणासकट येतो. जुन्या इमारतींत मीटर बहुधा तळमजल्यावर, दाराजवळच्या कपाटात. तिसऱ्या मजल्यावरून खाली जायचं, मोबाइलच्या उजेडात आपल्या घरचा मीटर शोधायचा, दांडी वर करायची. जिन्यात वारा. केस ओले. त्याबद्दलचा आज्ञार्थ वर परतल्यावर ऐकायचा.

यावर उपाय आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात नाही. ओव्हनच्या बटणाजवळ एक छोटा लाल किंवा पिवळा दिवा असतो. तो विझला की ओव्हन ठरलेल्या तापमानाला पोचला, आत हीटर बंद आहे. मशीनचंही तसंच: चाळीस अंशांच्या धुण्यात पहिला काही वेळ पाणी तापतं तेवढाच भार, पुढे नुसता ड्रम फिरतो. म्हणून आधी केसांना सुती पंचा गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं क्रियापदं पाठ करायची. मशीनचा नुसता ड्रम फिरायला लागला की हेअर ड्रायर एकच्या खुणेवर. एकवर तो साधारण निम्मी वीज खातो. दोनवर न्यायचा मोह आवरायचा. लांब दाट केसांना अर्धा तास लागतो, थंडीत जास्तच. कारण पेरुजात हीटिंगला कायद्याने १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिलच मुभा, दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास, आणि घर साधारण वीस अंशांवर.

न्हाणीघरात टबाच्या वर एक दोरी लोंबत असते. ती दिव्याची नाही. ती पडलं-झडलं तर मदतीची घंटा आहे. ओढू नका.

जेवणाचं सांगायचं तर ‘सोनो वेजेतारियाना’, मी शाकाहारी, एवढ्याने काही होत नाही. शाकाहारी म्हणजे मटणाचा मोठा तुकडा न खाणारी, असा अर्थ बऱ्याचदा लागतो. मग डाळीत हॅमचे बारीक चौकोनी तुकडे निघतात, सॅलडमध्ये ट्यूना. चौफेर कुंपण घालावं लागतं: ने कार्ने, ने पेशे, ने प्रोश्शुत्तो, ने ब्रोदो दी कार्ने. म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅम नको, मांस उकळलेलं पाणीही नको. शेवटचं विसरलात तर सूपने घात केलाच समजा. कट्टर असाल तर पार्मिजानो चीजही विसरा, त्यात दूध साकळवणारं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

दुसरा सापळा पास्ताचा. माणशी ऐंशी ते शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हे प्रमाण घरोघरी पाठ. आपण हेच जेवण समजून दुसऱ्यांदा वाढून घेतो. तो ‘प्रीमो’ असतो, म्हणजे पहिला अंक. नंतर ऑम्लेट येतं, मग भाजी, मग फळं, आणि आपण ‘सोनो प्येना’, पोट भरलं, म्हणत हात आडवा धरला की सिन्योरांचा चेहरा पडतो. ‘एरा बुओनीस्सिमो’, फारच छान होतं, हे आधी म्हणायचं, नकार मागाहून. इथल्या भाकरीसारख्या दिसणाऱ्या ‘तोर्ता अल तेस्तो’त मात्र भाजी घालून देतात, आणि त्या वेळी मी कोणालाच नकार देत नाही. उंब्रियाचा, म्हणजे पेरुजाच्या या प्रांताचा, पाव तेवढा बिनमिठाचा. चवीची तक्रार केलीत तर सोळाव्या शतकात पोपने लावलेल्या मिठाच्या कराची गोष्ट ऐकावी लागते, आणि तीही भूतकाळातच.

कॉफीचा मोका पॉट साबणाने घासू नका, नुसतं विसळा. यावर मी जास्त बोलत नाही, घरं तुटलेली आहेत.

आणि रविवारी केस धुऊ नका. रविवारी त्या दरात वीज दिवसभर स्वस्त असते, त्यामुळे मशीन सकाळपासून चालू, ओव्हनमध्ये दुपारसाठी लझान्या, आणि सिन्योरांची लेक जेवायला येणार म्हणून न्हाणीघरात दुसरा हेअर ड्रायर.