म्हणे, परदेशी जहाजाकडून भरपाई मिळत नाही!

खानापूरकडची बरीच पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला बंदरावर कामाला जातात. त्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: जहाजाच्या विंचमुळं (माल उचलायच्या यंत्रामुळं) कामगार जायबंदी झाला तरी जहाजमालकाकडून छदामही मिळत नाही, 'सिंदिया केस'मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय, शिवाय जहाज परदेशी, आणि ठेकेदाराच्या कागदावर सही केली की विषय संपला. भाच्यानं तो मला पाठवून विचारलं, "मामा, खरं हाय काय?" लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसते जोडलेले हात.

सगळी भिस्त सिंदियावर आहे, तर तेच बघू. ही वालचंद हिराचंदांची, आपल्याकडचीच जहाज कंपनी. 1972 साली सिएटलला तिच्या जहाजावर गव्हाची पोती चढवताना विंचचा ब्रेक वेळेवर लागला नाही, पोती निसटली, कामगार जखमी झाला. ब्रेक आधीचे दोन दिवस तसाच चालला होता. खालच्या कोर्टानं खटला न चालवताच मालकाला मोकळं केलं, अपील कोर्टानं ते फिरवलं, आणि 1981 मध्ये सुप्रीम कोर्टानं अपील कोर्टालाच उचलून धरलं. मेसेजवाल्यानं निम्मं वाचून निकाल ठोकलाय! माल चढवताना मालकानं सतत डोक्यावर उभं राहायची गरज नाही, ते ठेकेदाराचं काम, असं कोर्ट म्हणालं खरं; तेवढं मान्य. पण यंत्र धड द्यायचं, छुपा दोष सांगायचा, आणि बिघडलेलं विंच ठेकेदार तसंच दामटतोय हे कळल्यावर मध्ये पडायचं, हे मालकावरच. आणि मुळात तो अमेरिकेचा कायदा, गोव्यात त्याचं काय?

परदेशी जहाजासाठी आपला 2017चा अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा आहे. जहाजाच्या कामकाजात झालेला मृत्यू किंवा दुखापत, दोन्हींचा दावा त्यात बसतो आणि हायकोर्ट जहाज अडकवून ठेवू शकतं, झेंडा कुठलाही असो. मुरगावहून निघून गेलेलं 'एलिझाबेथ' नावाचं परदेशी जहाज विशाखापट्टणमला अडवलं होतं. वाद मालाचा होता, पण 1992 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो अधिकार मान्य केला. हां, जहाज पुन्हा भारतात आलंच नाही तर वांधे होतात. म्हणून पुराव्यासाठी विंचचा फोटो काढताना जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा ओळख नंबरही घ्या. नाव बदललं तरी तो बदलत नाही.

सहीचं तर सोडाच. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल, हे 1923च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलंय. ठेकेदाराला त्यानं दिलेल्या भरपाईचे पैसे जहाजवाल्याकडून वसूल करायचे असतील तर खुशाल करावेत, त्याचीही सोय कायद्यात आहे.