दहावीच्या मुलाचा ‘ब्रेन मॅप’ आणि त्यामागचे दावे

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, ‘‘याच्यावरून धाकट्याची अकरावीची शाखा ठरवायची का?’’ भाचा यंदा दहावीत आहे. हा मजकूर याआधी दोनदा माझ्याकडे आला होता आणि मी तो न वाचताच पुसून टाकला होता. आता तो घरात शिरून पैशांच्या गोष्टी बोलू लागल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, प्रत्येकाचा डावा किंवा उजवा मेंदू प्रबळ असतो, एफएमआरआय या मेंदूच्या कामाच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात मेंदूचा कोणता भाग ‘पेटतो’ हे दिसत असल्याने शास्त्रज्ञ आता मनातले विचार वाचतात, आणि म्हणून एकाच तपासणीत मूल डॉक्टर होणार, अभियंता होणार की कलावंत, हे निश्चित सांगता येते. शेवटी एका केंद्राचा पत्ता आणि 15,000 रुपये शुल्क.

दहा टक्क्यांच्या दाव्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो, आणि पक्षाघातात त्याच्या एवढ्याशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी माणसाची वाचा जाते. नव्वद टक्के मेंदू नुसता पडून असता, तर असे झाले नसते.

डाव्या-उजव्या मेंदूच्या गोष्टीत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बहुतेक माणसांत भाषेचे काम मुख्यतः डाव्या गोलार्धात चालते, आणि दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने तोडलेल्या रुग्णांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु एखादे काम एका बाजूला अधिक चालणे वेगळे आणि अख्खा माणूस ‘डाव्या मेंदूचा’ असणे वेगळे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये 7 ते 29 वर्षे वयाच्या 1,011 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा ज्यांच्या मेंदूची एकच बाजू एकूणात प्रबळ आहे अशा व्यक्ती त्यांना आढळल्या नाहीत.

खरा घोळ ‘पेटतो’ या शब्दात आहे. यंत्रात काहीही पेटत नाही. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास दाखवून दिलेल्या तत्त्वावर हे तंत्र उभे आहे: प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म निराळे असतात, आणि ज्या भागातील पेशी कामाला लागतात तिथे गरजेपेक्षा अधिक ताजे रक्त धावते, म्हणून त्या जागेचा संकेत किंचित वाढतो. किंचित म्हणजे सहसा एक-दोन टक्के, आणि तोही पेशींचे काम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही. विचारामागून रमतगमत येणारे रक्त पाहते. शिवाय प्रतिमेचा प्रत्येक ठिपका, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, हा दोन-तीन मिलिमीटर बाजूचा ठोकळा असतो आणि त्यात लाखो पेशी मावतात. राखाडी मेंदूवर दिसणारा तो सुंदर लाल-पिवळा रंग यंत्रातून येतच नाही. दोन स्थितींमधील फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता किती कमी, याचे गणित करून संगणक तो नंतर चढवतो.

हे गणित निष्काळजीपणे केले की काय होते, हे एका मेलेल्या माशाने दाखवून दिले आहे. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानातून आणलेला एक मृत सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि छायाचित्रातील व्यक्तीच्या मनात कोणती भावना असेल, असे रीतसर विचारले. माशाच्या मेंदूत ‘सक्रिय’ ठिपके सापडले! मानवी मेंदूच्या एका प्रतिमेत लाखाच्या घरात व्हॉक्सेल असतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी घेऊन हजारात एक इतका योगायोग चालवून घेतला, तरी निव्वळ योगायोगाने शंभरेक ठिपके रंगतात. त्यासाठीची दुरुस्ती गणितात केल्यावर माशाचा मेंदू पुन्हा शांत झाला. 2009 मध्ये मांडलेल्या या कामाला 2012 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. लोक हसले, पण अनेक प्रयोगशाळांना आपल्या पद्धती तपासून पाहाव्या लागल्या.

विचार वाचण्याविषयी सांगायचे, तर टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने 2023 मध्ये खरोखरच ऐकलेल्या गोष्टीचा ढोबळ आशय मेंदूच्या प्रतिमांवरून मांडून दाखवला. मात्र त्यासाठी तीन स्वयंसेवक प्रत्येकी सुमारे 16 तास यंत्रात पडून गोष्टी ऐकत राहिले होते, एकावर तयार केलेले संगणकीय प्रारूप दुसऱ्यावर चालले नाही, आणि व्यक्तीने मनात दुसरीच गोष्ट रचायला सुरुवात केली की सारे फसले.

आता शेवटचा आणि सर्वांत घातक दावा: एका मुलाच्या एका तपासणीवरून त्याचे भविष्य. 2022 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात स्कॉट मारेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे 50,000 व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, त्यात हजारो शाळकरी मुले होती, आणि मेंदूची रचना किंवा त्यातील जोडण्या यांचा बौद्धिक क्षमतेशी व मानसिक आरोग्याशी कितपत संबंध लागतो हे पाहिले. संबंध सापडले, पण इतके क्षीण की ते भरवशाने पकडण्यासाठी हजारो माणसे लागतात. पंचवीस-तीस जणांवर केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष दुसऱ्या गटात टिकतच नाहीत. नव्या गटात टिकून राहिलेल्या संबंधांपैकी सर्वांत मोठ्याचा सहसंबंध 0.16 होता (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). त्याचा वर्ग केला तर व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचा जेमतेम अडीच टक्के भाग त्यातून उलगडतो, आणि उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांबद्दल ती प्रतिमा काही बोलत नाही. जगातील उत्तम यंत्रांवर, एवढ्या प्रचंड संख्येवर ही स्थिती असताना, एका मुलाकडे बघून ‘वाणिज्य घ्या’ असे सांगणाऱ्याने ते कशाच्या आधारावर सांगितले?

एफएमआरआय निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी त्याच रुग्णाची भाषेची आणि हाताच्या हालचालीची ठिकाणे कुठे आहेत, हे शल्यविशारद याच तंत्राने पाहून घेतात. पण तिथे प्रश्न ‘हा भाग कुठे आहे’ एवढाच असतो. ‘हा मुलगा पुढे काय होईल’ हा नसतो.

ताईने त्या केंद्रात फोन केला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. पत्रकावर चित्र एफएमआरआयचे असले तरी तिथे ते यंत्रच नाही. मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी घालून वीस मिनिटे विद्युत् नोंद घेतात आणि मग संगणकातून रंगीत अहवाल निघतो. अशी नोंद म्हणजे ईईजी. अपस्माराच्या निदानात तिचे स्थान मोलाचे आहे, शाखा निवडण्यात मुळीच नाही. मी ताईला एकच प्रश्न विचारायला सांगितले: पाच वर्षांपूर्वी तपासलेली मुले आज काय करतात, याची नोंद तुम्ही कुठे प्रसिद्ध केली आहे? तिने तो लिहून पाठवला. उत्तर म्हणून तोच मजकूर पुन्हा आला, या वेळी शुल्कात दहा टक्के सवलतीसह.