जरच्या आत जर

बेळगावातल्या एका पतसंस्थेचं कर्जाचं सॉफ्टवेअर सध्या माझ्या गळ्यात पडलंय. आधीचा प्रोग्रामर पुण्याला निघून गेला आणि जाताना एक फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोडचा तुकडा, ठेवून गेला. मेंबर असेल तर, त्याच्या आत वय बसत असेल तर, त्याच्या आत जामीनदार असेल तर, त्याच्या आत थकबाकी नसेल तर... असं करत करत 'कर्ज मंजूर' ही ओळ स्क्रीनवर उजवीकडे पार बैलहोंगलला पोचलीय. खाली नुसते एल्स, म्हणजे 'नाहीतर'. कुठला कुठल्या इफचा, म्हणजे 'जर'चा, ते देवाला ठाऊक. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, त्याचा कोड लिहिण्याचा नियम सरळ आहे: तीनपेक्षा जास्त पातळ्या आत शिरावं लागलं तर आधी प्रोग्राम सुधारा. इथं मी सातवीपर्यंत मोजलं आणि चहा टाकला.

गंमत म्हणजे, याच पतसंस्थेच्या काउंटरवरचे काका हे काम चोख करतात. खानापूरकडचा माणूस "कर्ज पाहिजे होतं ओ" म्हणतोय तोवर यांचं सुरू. "मेंबर हायसा? नाही? मग पहिला मेंबर व्हा. जामीनदार आणलासा? नाही? घेऊन या जावा." माणूस दारातूनच परत. प्रोग्रामिंगमध्ये यालाच गार्ड क्लॉज म्हणतात. नकार आधी द्यायचा, रिटर्न करायचं, म्हणजे फंक्शनमधून तिथूनच बाहेर पडायचं, विषय संपला. खाली उरतो तो फक्त लायक माणसाचा कोड, तोही डाव्या कडेला चिकटून. पण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत कुठाय?

त्यात एका व्हेरिएबलचं नाव 'अपात्र_नाही', आणि त्याच्यापुढे आणखी एक नॉट, म्हणजे परत 'नाही'. 'थकबाकीदार किंवा अपात्र, असं नाही' म्हणजे 'थकबाकीदार नाही आणि अपात्रही नाही', हा डी मॉर्गनचा नियम. हा इंग्रज गणिती १८०६ साली मदुराईत जन्मला, म्हणजे नाही म्हटलं तरी दक्षिणेतलाच. त्याच्या आधारानं मी सगळे नॉट सोडवले आणि त्या लांबलचक अटीला 'कर्जास_पात्र' असं सुटसुटीत नाव दिलं.

शेजारच्या टेबलावरचा अनगोळचा पोरगा बघत होता. "सर, चालूलालंय की ते! कशाला हात लावूलालाय?"

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन. संचालकांच्या पाव्हण्यांसाठी एक 'जर' वाढवायचा होता.

"कुठं घालू?"

"सगळ्यात वर घाला की. बाकीचं काही विचारूच नका त्यांना."