हरिश्चंद्रगडाचा अर्धा तास

"मामा, सोप्पा ट्रेक आहे," असं भाचा म्हणाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. हाच मुलगा मिसळ पुढे सरकवताना "अजिबात तिखट नाही" म्हणतो. पण हरिश्चंद्रगडाचं नाव निघालं, जुनं देऊळ, लेणी, कोकणकडा सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपल्या पायांत अजून दम आहे हे बायकोला दाखवायची खुमखुमीही होतीच.

गडावर जायला पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. पण भाच्याच्या मते ती 'पर्यटकांची'. त्यामुळे आम्ही खिरेश्वरहून निघालो. पहाटे साडेपाचला गावातल्या एका आजोबांना विचारलं, "गड किती लांब?" ते म्हणाले, "ह्ये काय, खिंडीतनं वर गेलं की आलाच." त्या 'आलाच'ने पुढे दिवसभर माझा पिच्छा पुरवला.

तोलार खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. मला तो फोटोसाठी नव्हे, 'इथूनच परत फिरा' हे सांगायला बसवला असावा असं वाटलं. खिंडीच्या वर कातळ आणि कातळाला लोखंडी रेलिंग. हा टप्पा मला आवडला, कारण इथे चढायचं काम हातांनी केलं आणि पायांना जरा सुट्टी मिळाली.

खरा छळ त्यानंतरचा. रेलिंग संपलं की माणसाला वाटतं, झालं! पण पुढे सात टेकड्या आहेत. आधी एक टेकडी दिसते. ती चढलो की दुसरी दिसते, ती चढलो की उतार, मग तिसरी. तिसऱ्या टेकडीवर खाली येणाऱ्या एका पोराला विचारलं, "किती राहिलं?" "अर्धा तास, काका." तासाभराने पाचवीवर दुसऱ्याला विचारलं. "अर्धा तास." सहावीवर एका बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, त्यांना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "अर्धाच तास."

गडावर वेळ मोजायची रीतच निराळी. अर्धा तास हे काळाचं माप नसून धीर द्यायचा शब्द आहे, पाठीवर हात फिरवावा तसा. चांगदेवांनी या गडावर तप केलं, आणि ते चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आहे. ते खिरेश्वरहून चढले असतील तर हिशेब बरोबर जुळतो.

देवळापाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ खरंच देखणं. त्या दगडावरच्या कोरीवकामाकडे मी बराच वेळ एकटक पाहत राहिलो. भाच्याला वाटलं, मामा शिल्पात रमला. मामा श्वास गोळा करत होता. शेजारच्या केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढं बर्फगार पाणी, मधोमध शिवलिंग, आणि वर छताला आधार द्यायला चार खांबांपैकी एकच शिल्लक. चार खांब म्हणजे चार युगं, हा चौथा पडला की कलियुग संपेल असं सांगतात. माझ्या दोन गुडघ्यांपैकी एकच चालू होता, त्यामुळे मला त्या खांबाविषयी फार आपुलकी वाटली. शिवाय कलियुग तिथल्या तिथे संपलं असतं तर उतरायची भानगड उरली नसती.

पिठलं-भाकरी खाऊन कोकणकड्यावर गेलो. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स नावाच्या साहेबाला इथून संपूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं. पांढरंशुभ्र, चारी बाजूंनी, अगदी नाकापर्यंत. कड्याशी पालथं पडून खाली डोकवायची पद्धत आहे. मला पडा म्हणून सांगावं लागलं नाही; उठा म्हणून मात्र तिघांनी सांगितलं.

गाडी खिरेश्वरला, म्हणून उतरायचंही त्याच वाटेने. चौथ्या टेकडीवर एक जोडपं भेटलं. त्यातला नवरा साधारण माझ्याच वयाचा, माझ्याच रंगाचा, म्हणजे लालभडक. "काका, किती राहिलं?" म्हटलं, आता ही फसवणुकीची परंपरा आपण मोडायची. घड्याळ पाहून खरं सांगितलं, "तुमच्या चालीने दोन तास तरी."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा माझ्याकडे, जणू त्या सात टेकड्या मीच आणून ठेवल्या होत्या. मग दोघं एक शब्द न बोलता मागे वळली आणि उतरू लागली.

मागच्या झाडाखाली लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी उठून उभ्या राहिल्या. "असं बोलत्यात का, दादा?" त्या म्हणाल्या. "अर्धा तास म्हनायचं. माणूस दमून हितं टेकतं, मग सरबत घेतं. दोन गिऱ्हाइकं घालवलीत माझी."

त्या दोघांच्या वाटणीची सरबतं मीच प्यायलो. मग मावशींना विचारलं, "खाली पोचायला किती वेळ लागेल हो?"

भांडं विसळता विसळता, वर न बघता त्या म्हणाल्या, "ह्ये काय, अर्धा तास."