वीर चक्र नव्हे, महावीर चक्र

भारतीय नौदलातले लीडिंग सीमन (खलाशांमधला एक हुद्दा) चिमणसिंग यादव यांच्या १९७१च्या भारत-पाक युद्धातल्या शौर्यपदकाला वीर चक्र म्हटलं गेलंय. ते महावीर चक्र आहे. दोन्ही चांदीची, दोन्हींवर पाच टोकांचा तारा, त्यामुळे समोरून घेतलेल्या फोटोत फसायला होतं. फीत बघावी: महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. मागे तर पदकाचं नावच असतं.

१० डिसेंबरला खुलन्याजवळ (आताच्या बांगलादेशात) त्यांची गनबोट हवाई हल्ल्यात बुडाली. पदकाच्या मानपत्रात नुसता 'हवाई हल्ला' येतो. विमानं आपलीच, भारतीय होती! अंगात छर्रे घुसलेले, काठावरून शत्रूचा गोळीबार चालू, तरी दोन जखमी सोबत्यांना आडोसा देत त्यांनी किनाऱ्याला लावलं. मग ते दोघं निसटावेत म्हणून निःशस्त्रच शत्रूवर धावले आणि पकडले गेले.