न भाजणारा शेक

आमच्या घरात औषधाची एकच परीक्षा आहे. ते झोंबलं पाहिजे. काढा पिताना डोळ्यांत पाणी आलं नाही, तर तो चहा. मलम लावून आग झाली नाही, तर ते क्रीम. सासूबाईंच्या मते दुखणं म्हणजे जुना भाडेकरू, चटका बसल्याशिवाय जागा सोडत नाही. अशा घरातल्या सुनेच्या कोपराला लेझर लावायची वेळ आली.

कोपर गेला तो कुरडयांपायी. चैत्रात पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर वाळवणं निघतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, गाठी होऊ न देता तो घोटायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यात भरून पिळायचा. निवला की सोऱ्याची मूठ जागची हलत नाही, त्यामुळे सगळा कारभार घाईचा. दरवर्षी घोटायचं काम जाऊबाईंकडे आणि पिळायचं माझ्याकडे. यंदा दोन्ही माझ्याकडे आलं, कारण जाऊबाईंना त्याच आठवड्यात माहेरचं लग्न निघालं. (लग्नं नेहमी गहू भिजल्यावरच निघतात.) त्यानंतर सांडशीने दुधाचं पातेलं उचललं, की कोपराच्या बाहेरच्या बाजूने अशी कळ यायची की पातेलं कसंबसं ओट्यावर टेकायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी दुखऱ्या जागी अंगठा दाबला. मी ओरडले, त्यांनी ‘टेनिस एल्बो’ लिहिलं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा टेंडन तिथे हाडाला चिकटलेला असतो, आणि पुन्हा पुन्हा पिळण्याच्या कामाने तो झिजतो, म्हणाले. कामाला आराम द्या, फिजिओथेरपीला जा, सोबत लेझर घ्या. सोऱ्याचं सगळं रामायण मी त्यांना ऐकवलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

लेझर म्हटल्यावर घरात खळबळ उडाली. सासूबाईंना वाटलं, कापणार. शेजारचे काका नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. मशीन म्हटलं की त्यांना मत असतंच. ते म्हणाले, “लेझरने लोखंड कापतात वहिनी, जपून!” हे खरं आहे, पण ते लेझर वेगळे. माझ्या दुखण्यावरचा लेझर इतका सौम्य असतो की कातडी धड कोमटही होत नाही. घोळ तिथेच झाला.

गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यापर्यंत ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं, हीच पहिली शिक्षा. रविवार कारंजा, अशोक स्तंभ, मधले सगळे खड्डे आणि गतिरोधक कोपराने मोजले. आत गेल्यावर एका चुणचुणीत मुलीने मला हिरवट चष्मा दिला. खोलीत थांबायचं म्हणून ह्यांनाही दिला. त्यांनी तो घालून आधी फोटो काढला आणि पुण्याला लेकीला पाठवला.

“काकू, काही जाणवणार नाही हं,” असं म्हणून मुलीने पेनासारखी कांडी कोपरावर टेकवली. यंत्राने पीं केलं. मी डोळे घट्ट मिटून, दात आवळून वाट पाहत बसले. पुन्हा पीं. कांडी थोडी सरकली. मी विचारलं, “सुरू कधी करणार?”

“झालं की काकू.”

“पण उजेडसुद्धा दिसला नाही!”

दिसणार नव्हताच. तो लेझर होता ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि आपली नजर साधारण ७०० च्या पुढे पोचत नाही. म्हणूनच चष्मा हवा. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा मिटतही नाही. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त न दिसणारी, न भाजणारी, न टोचणारी अशी एक वस्तू मी पैसे मोजून घेऊन आले होते, हे घरी कसं सांगायचं?

घरी प्रश्न तयारच होता. “काय केलं?” “लेझर लावला.” “मग काय वाटलं?” “काही नाही.” सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पंख्याकडे.

लेकीने फोनवर किल्ला लढवला. १९६७ साली बुडापेस्टला एंड्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यांवर लेझर सोडला. लेझरने कॅन्सर होतो का, ते त्यांना बघायचं होतं. कॅन्सर राहिला बाजूला, भादरलेले केस उलट भराभर उगवले. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा उजेड शोषतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं मानतात. सासूबाईंनी एवढ्या सगळ्यातून एकच वाक्य उचललं आणि लेकाच्या टकलाकडे बघत म्हणाल्या, “मग तू कशाला नुसता बसून येतोस? डोकं पुढे कर की.” लेक म्हणाली, आजीचं चुकलेलं नाही, केसांसाठीही लेझरचे कंगवे निघालेत. तेव्हापासून हे दवाखान्यात बाहेरच थांबतात.

काही जाणवत नाही म्हटल्यावर माणूस हिशेबाला लागतो. मी त्या मुलीला म्हटलं, “अगं, जरा जास्त वेळ धर ना. एवढ्या लांबून येतो.” ती म्हणाली, डोस ज्यूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या मापात, ठरलेला असतो, त्याहून फार जास्त दिला तर गुण वाढत नाही, उलट कमी होतो. आता मिसळीबरोबर दोनदा तर्री मागून घेतल्याशिवाय जो उठत नाही, त्या नाशिककराला हे पटायचं कसं? वरून तिने रबरी पट्टा देऊन मनगटाचे व्यायाम लावले. ते मात्र चांगलेच दुखले. त्या दिवशी घरी माझी किंमत वाढली.

लेझरवर माझा राग नाही. टेनिस एल्बोवर त्याचे प्रयोग झालेत. नॉर्वेच्या संशोधकांनी २००८ साली ते तपासले, तेव्हा ९०४ नॅनोमीटरचा लेझर थेट टेंडनवर दिला तर निदान काही काळ दुखणं उतरतं, असं दिसलं; ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर देणाऱ्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. माझीही कळ हळूहळू गेली. पण बहुतेकांचा हा कोपर वर्षभरात आपोआपच बरा होतो म्हणे, त्यामुळे श्रेयाचा खटला घरात अजून चालू आहे. सासूबाई ओव्याच्या तेलाच्या बाजूने. हे म्हणतात, भांडी आपण घासली त्याचा परिणाम. फिजिओवाली मुलगी, व्यायाम. लेझरच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नाही, मीसुद्धा नाही. मला काही जाणवलं असेल तर सांगणार ना!

एवढ्यात सासूबाईंचा गुडघा धरला. “मला नको तुझं ते पीं पीं,” असं बजावूनच त्या आल्या. मुलीने कागद चाळले, पेसमेकर नाही ना विचारलं आणि त्यांना दुसरंच यंत्र लावलं, करंटचं. गुडघ्याला पट्ट्या बांधल्या, बटण हळूच फिरवलं. “आजी, मुंग्या आल्या की सांगा.”

सासूबाईंचा चेहरा उजळला. “आल्या. वाढव.”

मुलीने थोडं वाढवलं. “आता बास?”

“वाढव गं. पैसे दिलेत.”